सॅक्सोफोन नकली निघाला. आधी पावतीवरची तारीख बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका बँड पार्टीच्या मालकाचं पत्र आलंय. ८ डिसेंबर २०२३ रोजी त्यांनी नागपूरच्या एका दुकानातून ६२,००० रुपयांना सॅक्सोफोन घेतला. ४०,००० फोनवरून पाठवले, २२,००० रोख दिले. पावती दुकानाच्या लेटरपॅडवर हातानं लिहिलेली. तीवर एका जपानी कंपनीचं नाव, पुढे 'इम्पोर्टेड, १ नग'. जीएसटी क्रमांक नाही. पहिल्याच लग्नसराईत सूर फाटायला लागला, मुलामा उडाला. मे २०२५ मध्ये नागपुरातल्याच एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की हे वाद्य त्या कंपनीचं नाही. नावाचा ठसा वाकडा आहे आणि नंबरही कंपनीच्या पद्धतीचा नाही. तेव्हापासून दुकानदाराचं एकच उत्तर, "दिवाळी होऊ द्या भाऊ, बदलून देतो." दिवाळी झाली. आता तो म्हणतो, वाद्य दुकानात आणून ठेवा, मग बघू. पत्रलेखकाचे प्रश्न तीन. पोलिसांत जाऊ की ग्राहक आयोगात? बुडालेल्या सुपाऱ्यांचे, म्हणजे लग्नांच्या ठरलेल्या कामांचे, तीन लाख मागता येतील का? दुकानदाराला शिक्षा होईल का?

भाऊ, तिन्ही प्रश्न नंतर. मी हे लिहितोय तो दिवस १५ नोव्हेंबर २०२५. तुमच्या पावतीला ८ डिसेंबरला दोन वर्षं पूर्ण होतात. तुमच्या हातात तेवीस दिवस आहेत आणि तुमच्या प्रकरणाचा निकाल या तेवीस दिवसांवर लागणार आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. त्यानंतर आलेली तक्रार आयोगानं स्वीकारायचीच नाही. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर माफी मिळू शकते, पण ती देणं आयोगाच्या मर्जीवर आहे. दुकानदार आज-उद्या करत होता, हे कारण बहुतेक वेळा चालत नाही.

तुम्ही म्हणाल, नकली आहे हे मला मे २०२५ मध्ये कळलं, मग दोन वर्षं तिथून मोजा. हा युक्तिवाद करता येतो, आणि वेळ आली तर तुमच्या वकिलानं तो करावाच. फसवणूक उघड झाल्यापासून मुदत मोजण्याचं तत्त्व मुदत कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. पण मे महिन्याचा पुरावा काय? दुरुस्तीवाल्यानं तोंडी सांगितलं. ना चिठ्ठी, ना बिल, ना त्या दिवशीचा फोटो. शिवाय तुम्हीच लिहिता की सूर पहिल्या सीझनलाच फाटत होता. समोरचा वकील विचारेल, तेव्हाच तपासून का घेतलं नाही? कागदावर असलेली एकच तारीख आहे, ८ डिसेंबर २०२३, आणि ती तुमच्या विरोधात चालते आहे. म्हणून मे महिन्यावर विसंबू नका.

मला राग येतो तो इथे, आणि तो एकट्या तुमच्यावर नाही. अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. कुणाचं बियाणं बोगस, कुणाच्या पंपाची मोटार नकली, कुण्या भजनी मंडळानं मिरजेचा म्हणून घेतलेला तानपुरा भलत्याच गावचा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच नावचोरीला आळा बसावा म्हणून. माल वेगळा, पण गोष्ट तीच. माणूस फसतो, दुकानदार गोड बोलतो, माणूस वाट बघतो आणि मुदत निघून जाते. मागे नेरकडचा एक शेतकरी माझ्याकडे बियाण्याची पिशवी, लेबल, पंचनामा असं सगळं नीट जपून घेऊन आला होता. सगळं होतं, फक्त दोन वर्षं आणि अकरा दिवस झाले होते. विक्रेता त्याला पुढच्या हंगामात पैसे वळते करतो म्हणत राहिला. त्या अकरा दिवसांच्या माफीसाठीच आम्ही वर्षभर तारखा घेतल्या आणि शेवटी ती मिळाली नाही.

दुकानदाराच्या आश्वासनानं मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनं वाढत नाही. तुम्ही जुलैमध्ये १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीनंही वाढत नाही. ती हेल्पलाइन समजुतीनं प्रश्न सुटावा म्हणून आहे, तिथला क्रमांक म्हणजे आयोगात दाखल झालेली तक्रार नव्हे. तिथे नोंद केली म्हणजे केस झाली असं समजून अनेक जण निवांत बसतात. तुम्हीही चार महिने बसलात.

म्हणून तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. दुकान नागपुरात असलं तरी तिकडे जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करायची मुभा दिली आहे. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, पण पोर्टल कागदांत त्रुटी काढून तक्रार परत पाठवतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. २८ नोव्हेंबर, शुक्रवार, ही तुमची शेवटची तारीख धरा. वकील नसला तरी चालतं. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल तर तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दारव्ह्याच्या न्यायालयात चौकशी करा, पण त्यात आठवडा घालवू नका.

आता दुसरा प्रश्न, कारण त्यात तुम्ही स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारायला निघाला आहात. व्यापारी कारणासाठी माल घेणारा या कायद्यानं ग्राहक ठरत नाही. अपवाद एकच: स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी, आणि फक्त त्यासाठी, घेतलेला व वापरलेला माल. तुमची पावती बँड पार्टीच्या नावानं आहे आणि पत्रात तुम्ही अभिमानानं लिहिलंय, 'अकरा माणसांची पार्टी, सीझनला चाळीस सुपाऱ्या.' दुकानदाराच्या वकिलाला याहून जास्त काही नको. तो म्हणेल, हा धंदा आहे, हा ग्राहकच नाही.

याला उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलं की यंत्र किंवा गाडी विकत घेणारा ती स्वतः चालवून पोट भरत असेल तर तो ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. तेच यंत्र दुसऱ्यानंच चालवायचं असेल, तर मात्र जातं. तेव्हा हा सॅक्सोफोन कोण वाजवतो, हा तुमच्या तक्रारीतला कळीचा प्रश्न आहे. पत्रात तुम्ही म्हणता, 'मी स्वतः वाजवतो, वडील क्लॅरिनेट वाजवायचे.' हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात घाला. तक्रार पार्टीच्या नावानं नको, स्वतःच्या नावानं करा, आणि ही पार्टी माझी एकट्याची आहे असं स्पष्ट लिहा. वरात पुढे चाललीय आणि तुम्ही सॅक्सोफोन वाजवताय असा एखादा फोटो किंवा व्हिडिओ गावात कुणाकडे तरी नक्की असेल, तो जोडा. खरेदी व्यापारी कारणासाठी होती हे सिद्ध करण्याचा भार विरुद्ध पक्षावर असतो, असंही सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. तरी आयोग अकरा माणसांकडे कसं बघेल, हे मी आज छातीठोकपणे सांगणार नाही.

पण म्हणूनच तीन लाखांचा आकडा काढून टाका. सीझनचं एवढं नुकसान झालं असं तुम्ही जितकं रंगवाल, तितके तुम्ही धंदेवाईक दिसाल आणि मूळचे ६२,००० ही हातचे जातील. पैसे परत, त्यावर व्याज, मनस्तापाची बेताची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. एखाद्या लग्नघरानं इसार परत मागितल्याची चिठ्ठी किंवा व्हॉट्सॲप असेल तर ते जोडा, तोंडी हिशेब जोडू नका.

पुराव्याचं म्हणाल तर तुमची कच्ची पावती तुम्हाला वाटते तेवढी वाईट नाही. पक्कं बिल न मागणं हा तुमचा निष्काळजीपणाच, आणि खोका व वॉरंटी कार्ड फेकून देणं हा त्याहून मोठा. पण ग्राहकाला बिल न देणं ही या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा तो दोष दुकानदाराच्या अंगावर येतो. आणि त्यानं स्वतःच्या हातानं कंपनीचं नाव आणि 'इम्पोर्टेड' हा शब्द लिहून दिलाय. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १५ म्हणतं, वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. खाली छापलेलं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य त्याला यातून सोडवत नाही. बँकेतून ८ डिसेंबरचा उतारा काढा, ४०,००० ची नोंद त्यात असेल. रोख २२,००० पावतीतल्या ६२,००० वरून सिद्ध होतात. व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि आवाज मिटवू नका, फोन बदलू नका. त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यावर तुमच्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते.

आणि वाद्य दुकानात नेऊन ठेवू नका. दुकानदार ते मागतोय कारण तुमच्याकडे तोच खरा पुरावा आहे. ते त्याच्या हातात गेलं की उद्या तो म्हणेल, मी विकलेलं ते हे नव्हतंच. त्याला पॉलिश मारू नका, वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका, नंबराची जागा घासू नका. नंबर, ठसा, आतली बाजू, सगळ्याचे फोटो काढून कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला ई-मेल करा आणि एकच विचारा: हा नंबर तुमचा आहे का? 'नाही' असं त्यांचं लेखी उत्तर आलं तर अर्धी लढाई तिथेच संपते. आयोग माल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण सॅक्सोफोनची अस्सलता सांगायला कंपनीइतका योग्य साक्षीदार दुसरा नाही. मात्र त्या उत्तरासाठी तक्रार थांबवू नका, उत्तर नंतरही जोडता येतं.

पोलिसांबद्दल थोडक्यात. ठाण्यात तुम्हाला 'हे दिवाणी प्रकरण आहे' असं सांगून परत पाठवलं, ते पूर्ण बरोबर नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं हा दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते दोन लाख. पण झडती-जप्ती उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायची असते, तीही व्यापारचिन्ह निबंधकांचं मत घेऊन. ठाण्यातला हवालदार ती करू शकत नाही. म्हणून अर्ज थेट उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. विक्री १ जुलै २०२४ च्या आधीची आहे, तेव्हा फसवणुकीला त्या दिवसापासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता नाही, जुन्या दंड संहितेचं कलम ४२० लागेल. अर्ज लिहिणारे इथे सर्रास चुकतात. दुकानदार म्हणेल, मलाही दिल्लीच्या ठोक व्यापाऱ्यानं फसवलं. तसं असेल तर त्यानं त्या व्यापाऱ्याचं नाव आणि बिल दाखवावं. निरागस विक्रेत्याला कायदा जी सूट देतो, तीत ही माहिती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. शिक्षा होईल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पोलीस कारवाईतून तुमचे ६२,००० लवकर परत येणार नाहीत हे नक्की, म्हणून ते काम आयोगानंतर.

आपल्या गावोगावच्या बँडनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तर प्रदेशातल्या मीरतच्या (मेरठच्या) जली कोठी भागातली पितळी वाद्यं वाजवली आहेत. मीरतचं म्हणून मीरतचं घेतलं तर तो सौदा सरळ असतो, वाद्य बिघडलं तरी कारागीर कोण हे माहीत असतं. दुसऱ्याचं नाव कोरून दामदुप्पट पैसे घेणारा माणूस तुम्हाला लुबाडतो, आणि त्या कारागिराच्या हातालाही कमी लेखतो. म्हणून अशा तक्रारी झाल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

वेळ किती लागेल? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, माल तपासायचा असेल तर पाच. प्रत्यक्षात वर्षं लागतात. आयोगांमधली पदं इतकी रिकामी राहिली की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, आणि तारखा आजही पडतच असतात. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. दुकानदाराला लेखी उत्तर द्यायला तीस दिवस आणि वाढवून फार तर पंधरा मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, हे घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. शेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलेलं नसेल तर तसा अर्ज द्या, गप्प बसून पुढची तारीख घेऊ नका. मधेच दुकानदार तडजोडीला आला तर करा, पण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करू नका.

आयोगानं तुम्हाला ग्राहक मानलंच नाही, तर दिवाणी दाव्याचा रस्ता उरतो. त्याची मुदत तीन वर्षांची आणि चुकीच्या मंचावर प्रामाणिकपणे गेलेला काळ त्यातून वगळून मागता येतो. पण दोन सीझन वाजवलेलं वाद्य 'मला नकोच होतं' असं तिथे म्हणता येणार नाही, फार तर किमतीतला फरक आणि नुकसान मागता येईल. त्याचा विचार गरज पडली तर करू.

उद्या पावतीच्या चार झेरॉक्स काढा आणि मूळ पावती घरातच ठेवा, दुकानदाराला 'दाखवायला' सुद्धा नेऊ नका. तक्रार दाखल झाल्याचा क्रमांक आला की मला कळवा.