छापील पेपर की स्वतंत्र न्यूज साइट? आधी सभेला कोण बसतं ते बघा

तुमचा प्रश्न असा: शहराच्या बातम्यांसाठी छापील पेपर चालू ठेवायचा, की दोघा-तिघांनी सुरू केलेल्या न्यूज साइटची वर्गणी भरायची? मी दोन्हीकडे काम केलंय. माझा निकष एकच आहे. पालिकेची सभा संपेपर्यंत बातमीदार तिथे बसतो का?

सभेतले ऐनवेळचे, म्हणजे विषयपत्रिकेवर आधी नसलेले विषय सगळ्यात शेवटी येतात आणि ठेक्याची मुदतवाढ बहुतेकदा तिथेच मंजूर होते. पेपरच्या बातमीदाराची तोवर पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते. तो फोनवर चार ओळी सांगतो, त्यातल्या दोन जाहिरातीखाली जातात. साइटवाल्याला जागेचं बंधन नाही. तो ठराव जसाच्या तसा लावू शकतो, कोण बाजूने आणि कोण विरोधात बोललं तेही देऊ शकतो. पण तो घरी बसून प्रेसनोटच चिकटवत असेल, तर त्या मोकळ्या जागेचा काय उपयोग?

कोणी बघत नसलं की काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या बेल या छोट्या शहरात दिसलं. तिथला मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेत होता. २०१० मध्ये ते बाहेर काढलं लॉस एंजेलिस टाइम्सने, म्हणजे छापील पेपरनेच. मोठ्या पेपरकडे वकील असतो, एका बातमीवर महिनोन्‌महिने माणूस लावायची ताकद असते. दुसऱ्याने वाचल्याशिवाय मजकूर पानावर जात नाही, ही शिस्त तर मला आजही मोलाची वाटते.

म्हणून छोटी साइट कच्चीच, असं मात्र कृपा करून धरू नका. लुकआउट सांताक्रूझ ही कॅलिफोर्नियातली स्थानिक साइट २०२० मध्ये सुरू झाली आणि पूर व दरडींच्या वार्तांकनासाठी २०२४ मध्ये तिला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं. पाणी चढत असताना लोकांना सकाळच्या अंकाची वाट बघता येत नाही.

साइटची खरी दुखरी बाजू म्हणजे जुन्या बातम्या. अंक एकदा छापला की ग्रंथालयात राहतो, कात्रणं राहतात. २०१७ मध्ये डीएनएइन्फो ही न्यूयॉर्क आणि शिकागोच्या स्थानिक बातम्यांची साइट मालकाने एका दिवसात बंद केली, तेव्हा बातम्यांच्या जागी त्याचं पत्र दिसू लागलं. मजकूर नंतर परत आला, पण तोवर बातमीदारांची वर्षांची मेहनत एका माणसाच्या मर्जीवर होती. त्यातल्याच शिकागोच्या काही संपादकांनी पुढे वाचकांच्या पैशांवर ब्लॉक क्लब शिकागो ही नवी न्यूज साइट उभी केली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणखी एक बघा. चूक झाली की साइट गुपचूप ओळ बदलते, की खाली दुरुस्तीची नोंद आणि वेळ देते? संपादकाचं नाव आणि पैसा कुठून येतो, हे उघड लिहिलंय का? जिच्या खर्चाचा मोठा वाटा पालिकेच्या ठेकेदाराच्या जाहिरातीतून येतो, तिच्याकडून मुदतवाढीची बातमी येणार नाही. हे पेपरलाही तितकंच लागू आहे.

पेपर लगेच बंद करू नका. साइटची आधी एकाच महिन्याची वर्गणी भरा. त्या महिन्यातल्या सभेची बातमी दोन्हीकडची शेजारी ठेवून वाचा आणि ऐनवेळचे विषय कोणी दिलेत ते बघा.