ऑनसाइटची वाट पाहू की थेट नोकरी घेऊ: जर्मनीला निघालेल्या एकीला उत्तर

प्रिय बाय,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पुण्यातील मोठ्या आयटी कंपनीत तुला ४ वर्षे ५ महिने झाली. कंपनी सांगते आहे की सहा महिन्यांत तुला जर्मनीतील ग्राहकाकडे ऑनसाइट पाठवू, आणि त्याच वेळी श्टुटगार्टजवळच्या सव्वाशे माणसांच्या एका कंपनीने तुला थेट नोकरी देऊ केली आहे. यातले कोणते घ्यावे आणि काकांना देवगडला एकटे ठेवून जावे का, हे तुझे दोन प्रश्न. पहिल्याचे उत्तर आधी देते. जायचेच ठरले तर थेट नोकरी घे. ऑनसाइटच्या आशेवर थांबू नकोस.

कारण पगाराचे नाही. परदेशात आपला राहण्याचा परवाना कोणाच्या हातात आहे, यावर तिथले सगळे आयुष्य उभे राहते. ऑनसाइट पाठवताना कंपनी बहुधा अंतर्गत बदलीचा परवाना काढते. त्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे असते, तुझा करार भारतातील कंपनीशीच राहतो आणि त्या परवान्यावर तिथल्या दुसऱ्या कंपनीत काम करता येत नाही. प्रकल्प संपला की बॅग भरायची. थेट नोकरीत मात्र तुला ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांचा राहण्याचा आणि कामाचा परवाना, मिळू शकते. त्यासाठीची पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि संगणक क्षेत्रासारख्या टंचाईच्या व्यवसायांना सुमारे ४३,७६० युरो. तुला देऊ केलेले ५८,००० युरो त्याहून बरेच वर आहेत. ब्लू कार्डावर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची झाली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते आणि ते कार्यालय ३० दिवस बदल रोखून तपासणी करू शकते. त्यानंतर तू मोकळी असतेस. जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी असेल तर २१ महिन्यांत आणि केवळ ए-१ (अगदी प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. हे सहा महिने वाचवण्यासाठी तरी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात आजच नाव घाल.

तुझ्या मैत्रिणी अमेरिकेचे नाव घेतात, असे लिहिले आहेस. तिथल्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे, निवड सोडतीने होते, आणि नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवस मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीवर १ लाख डॉलरचा भार घालण्यात आला. तो विचार तू सध्या बाजूलाच ठेव.

आता एक प्रश्न मी तुला विचारते, आणि त्याचे उत्तर तू स्वतःशी नीट दे. तू कंपनी सोडते आहेस की देश? हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि आपल्याकडची मुले ते एकाच कागदावर लिहितात. २०२२ साली आयटीतली माणसे भराभर कंपन्या सोडत होती. जूनअखेरच्या तिमाहीत इन्फोसिसचे गळतीचे प्रमाण २८.४ टक्के होते आणि सप्टेंबरअखेर टीसीएसचे २१.५ टक्के. पुण्यातल्या पुण्यात कंपनी बदलून पगार वाढत होता. दोन वर्षांत हेच प्रमाण १२-१३ टक्क्यांवर आले, कारण बाहेरच्या संधीच आटल्या. म्हणून अप्रेझलमध्ये हाइक, म्हणजे पगारवाढ, मिळाली नाही हे तुझे पहिले कारण मला अपुरे वाटते. त्यासाठी कोणी घरापासून सात हजार किलोमीटर जाऊ नये. पण पत्राच्या शेवटी तू ओघात एक वाक्य लिहिलेस, की तीन वर्षे तू फक्त तिकिटे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, बंद करते आहेस आणि एकही मॉड्यूल पहिल्यापासून स्वतः उभे केलेले नाही. हे खरे कारण आहे. मी २०१७ साली पेपर टाकला, म्हणजे राजीनामा देऊन जर्मनीला आले, ते याच कारणासाठी. मोठ्या कंपनीत माणूस सुरक्षित असतो, बेंचवर, म्हणजे हातात प्रकल्प नसताना, बसूनही पगार घेतो, पण आपल्या हातून काय घडले असे कोणी विचारले तर दाखवायला काही उरत नाही, आणि ती पोकळी वयाच्या तिशीनंतर फार जाणवते.

लहान कंपनीत बेंच नसतो, हेही ध्यानात ठेव. चाचणीचा काळ जास्तीत जास्त ६ महिन्यांचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिन्यांनंतर मात्र कायद्याचे संरक्षण सुरू होते आणि कारण दिल्याशिवाय काढता येत नाही. म्हणून पहिले सहा महिने हातात तीन महिन्यांचा खर्च शिल्लक राहील असे बघ. ५८,००० चा आकडा पाहून हिशेब मांडू नकोस. एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि बेकारी विमा वजा होऊन साधारण ६० टक्के हाती येतात. माझ्या पहिल्या पगारपत्रकावर वजावटींच्या इतक्या ओळी होत्या की मी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून शब्दकोश घेऊन बसले होते. त्यातली निवृत्तिवेतनाची ओळ मात्र वाया जात नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे आणि पात्रतेसाठी दोन्ही देशांतील वर्षे एकत्र धरता येतात. म्हणून इथला पीएफ घाईघाईने काढून टाकू नकोस.

ग्रॅच्युइटीबद्दल तुझी घालमेल समजते. ती मिळायला लागणारी पाच वर्षे पूर्ण व्हायला सात महिने उरले आहेत आणि नोटीस ९० दिवसांची आहे, म्हणजे पेपर आणखी चार महिन्यांनी टाकावा लागेल. ४०,००० मूळ वेतनावर १५ भागिले २६ या सूत्राने पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० रुपये होतात. ४ वर्षे २४० दिवसही पुरेत असे काही न्यायालयीन निकाल आहेत. कंपनी ते मान्य करते का, एवढे एचआरला लेखी विचार. पण या रकमेसाठी हातातली नोकरी टांगणीला लावू नकोस. जर्मनीतही तीन महिन्यांच्या नोटिशीची सवय असल्याने ती कंपनी तितके थांबेल. सात महिने कोणी थांबत नाही.

रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, हातात पडले की ते तिथेच उभ्या उभ्या वाच. माझ्या पत्रावर शेवटच्या दिवसाची तारीख एका महिन्याने चुकली होती. ती मला व्हिसाच्या कागदांची जुळवाजुळव करताना दिसली आणि एवढा एक आकडा दुरुस्त करून घ्यायला सात आठवडे लागले. मी त्या काळात देवगडला घरी होते. रोज सकाळी दहा वाजता पडवीत बसून तोच फोन, पलीकडून रोज नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच कहाणी. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि शेवटचा दिवस या चार गोष्टी नीट तपास, आणि नाव व जन्मतारीख पासपोर्ट व पदवीशी ताडून पाहा. मुंबई विद्यापीठाच्या तुझ्या पदवीला तिथे मान्यता आहे का, हे जर्मनीच्या ‘अनाबिन’ या सरकारी यादीत तपासून त्या पानाची छापील प्रत अर्जाला जोड.

आता काका. हे लिहिताना माझा हात जरा थांबतो. आपल्याकडून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली, पण चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो हा विश्वास मागे राहिलेल्यांना होता. माझे वडील आजारी पडले तेव्हा मी फ्रांकफुर्टहून मुंबई गाठली, तिथून रात्रीच्या गाडीने कणकवली. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी हळू, आणि पुढे देवगडपर्यंत रस्ता. दार उघडून आत जायला मला तीस तास लागले. ते शुद्धीवर होते आणि पहिला प्रश्न त्यांनी मला जेवलीस का असा विचारला. तुला तीस तास धरूनच ठरवायचे आहे. काकांशी बोलताना मी येत राहीन एवढेच म्हणू नकोस. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेईल, त्या माणसाचे नाव ठरवून त्याच्याशी स्वतः बोल. मोहोराच्या दिवसांत फवारणी आणि राखण कोण बघणार, की बाग कराराने द्यायची, हेही याच वर्षी ठरव. रजेची काळजी करू नकोस. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस आणि बऱ्याच कंपन्यांत सुमारे ३० दिवस भरपगारी रजा मिळते. मी दरवर्षी गणपतीला सलग तीन आठवडे येते आणि ते कोणी अडवलेले नाही. पुण्यात असताना मला पाच दिवसही मिळत नसत.

बागेलगतची १५ गुंठे जमीन तुझ्या नावावर घ्यायचा काकांचा विचार असेल, तर तो व्यवहार निघण्यापूर्वी पुरा कर. अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. निवासी असताना घेतलेली जमीन तुझीच राहील. खरेदीसाठी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा सातबाऱ्यावर तुझे नाव आहे का हे काकांना तलाठ्याकडे बघायला सांग. बँकेचे बचत खाते निघाल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे खाते, करून घ्यावे लागेल. २८ सप्टेंबरपर्यंत निघालीस तर त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहील, आणि तिथला पगार इथल्या कराच्या हिशेबात येणार नाही.

कराराची प्रत मला पाठव. चाचणीचा काळ, नोटीस, रजा आणि सुट्टीच्या दिवशी काम करण्याची अट, ही चार कलमे मला सहीआधी वाचायची आहेत. रविवारी तुमच्या रात्री आठनंतर मी फोनपाशी असते. काका जवळ असताना केलास तर मीही त्यांच्याशी बोलेन.

तुझी,
ताई