अ‍ॅबसिंथ या हिरव्या दारूमध्ये पाणी घातलं की ती दुधाळ का होते?

अ‍ॅनिस (बडीशेपेसारखा एक मसाला) आणि बडीशेपेतल्या अ‍ॅनेथॉल या घटकामुळे. तो कडक अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो. पाणी वाढलं की त्याचे सूक्ष्म थेंब सुटे होतात आणि हिरवी दारू पांढुरकी दिसते. फ्रेंच पद्धत अशी: ग्लासात 30 मिली अ‍ॅबसिंथ, वर छिद्रांचा चमचा, त्यावर साखरेची वडी आणि तिप्पट ते पाचपट बर्फगार पाणी, अगदी थेंबथेंब. भसकन ओतलं तर साखर तशीच राहते आणि खाली उतरणारे ते सुंदर पांढरे धागे दिसतच नाहीत. साखर पेटवू नका, ती 1990च्या दशकातली चेक टूम आहे. मात्र दुधाळपणा हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. अ‍ॅबसिंथवरच्या 1915च्या फ्रेंच बंदीनंतर रुळलेलं, वर्मवुड (अ‍ॅबसिंथमधली मुख्य कडू वनस्पती) नसलेलं पास्तीस हे अ‍ॅनिसचं मद्यही असंच पांढरं होतं.