मलावीत गावात वर्षभर राहायचं तर

तुमचा प्रश्न असा: बी.एस्सी. बी.एड. झालंय, मलावीतल्या (आग्नेय आफ्रिकेतला देश) एका गावातल्या माध्यमिक शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून गणित-विज्ञान शिकवायला जायचं ठरतंय, तुम्ही शाकाहारी आहात. तर रोजचं जगणं कसं असतं आणि सोबत काय न्यावं?

सगळ्यात आधी हे मनाशी धरा की दिवसाचे तीन-चार तास नुसतं घर चालवण्यात जातात. पाणी, चूल, कपडे, बाजार. पहिले दोन महिने शाळेव्यतिरिक्त कुठलाही उपक्रम अंगावर घेऊ नका. घर बसलं नाही तर शिकवणंही बसत नाही.

पाण्यापासून सुरू करते. गावात बहुतेक ठिकाणी हातपंप असतो, ‘अफ्रिदेव’ जातीचा. आपल्याकडच्या इंडिया मार्क टू पंपाची मुळं जालना-सोलापूरकडच्या पंपांत आहेत. त्याच्या खालच्या भागाची दुरुस्ती करायची तर जड नळ वर ओढावे लागतात. अफ्रिदेवचा दट्ट्या मात्र नळ न उपसता वरूनच बाहेर काढता येतो, एका पान्यात बहुतेक काम होतं, आणि गावच्या पाणी समितीतल्या बायका ते करतात. सकाळी पाणी यायलाच वीस-पंचवीस वेळा दांडा मारावा लागला तर तळाची झडप गळतेय, रात्रीत पाणी खाली उतरतंय. पाणी लगेच येतं पण धार बारीक, तर दट्ट्यावरचं सील झिजलंय. सुटा भाग स्वस्त असतो, अडतं ते समितीकडे पैसे नसल्यामुळे. म्हणून समितीची ठरलेली वर्गणी पहिल्या महिन्यापासून भरा.

एका माणसाला रोज वीस लिटरच्या दोन बादल्या पुरतात. झाकणाच्या तीन बादल्या घ्या: एक फक्त पिण्याची, तिला खाली नळ बसवलेला. पंपाचं पाणी सहसा चांगलं असतं, ते बिघडतं वाहून आणताना आणि आत पेला बुडवताना. पिण्याच्या बादलीत क्लोरीन घाला (‘वॉटरगार्ड’ नावाने बाटली मिळते, प्रमाण बाटलीवर असतं) आणि अर्धा तास थांबा. 2022-23 च्या कॉलऱ्याच्या साथीत मलावीत 1,700 हून जास्त माणसं गेली, तेव्हा यात आळस नको.

आता मलेरिया. आपल्याकडे मलेरिया पाहिलाय, झालाय, म्हणून अंगात ताकद आली असं समजू नका. तिथे जवळजवळ सगळा फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूवर जाणारा. प्रतिबंधक गोळी वर्षभर घ्यावी लागते, कोणती ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. या गोळीमुळे उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा टोपी हवी. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सोसायला सोपी आणि परतल्यावर फक्त सात दिवस, पण वर्षभराचा खर्च बराच. गोळी घेत असतानाही ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत कळतं, आणि उपचार म्हणजे तीन दिवसांच्या ‘एलए’ (आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन) गोळ्या, एकूण सहा डोस. दोन डोसांत बरं वाटतं म्हणून लोक सोडतात आणि ताप उलटतो. औषध भरलेली मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपायचं.

तळ्याचंही सांगते. मलावी सरोवर फार सुंदर आहे आणि उतरायचा मोह होणारच. काठच्या उथळ, गवताळ पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडलेल्या बिल्हार्झियाच्या (हा कृमींचा आजार) अळ्या कातडीतून शिरतात. पोहलात तर नंतर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून प्राझिक्वांटेल हे औषध घ्यायचं, वजनाप्रमाणे. लगेच घेतलं तर उपयोग नाही, कारण कोवळ्या कृमींवर ते चालत नाही.

कपडे बाहेर वाळत घातले की दोन्ही बाजूंनी इस्त्री, अंतर्वस्त्रं आणि शिवणीसुद्धा. ओलसर कापडावर पुत्सी माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि गळू दिसतं. गरम इस्त्रीने अंडी मरतात. तिथली इस्त्री कोळशाचीच असते.

जेवणाची काळजी मात्र सोडा. मुख्य अन्न न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उजव्या हाताने गोळा करून तोंडीलावण्यात बुडवून खायची. तोंडीलावण्याला म्हणतात न्डिवो. न्क्वानी म्हणजे भोपळ्याची कोवळी पानं, आणि त्यात घालतात न्सिंजिरो, म्हणजे चक्क शेंगदाण्याचं कूट! नान्डोलो म्हणजे आपली तूर. दक्षिण मलावीत भरपूर पिकते आणि भारतात निर्यातही होते, पण गावात ती अख्खी, सालासकट मिळते. रात्री भिजवा आणि कुकरला लावा. तीन लिटरचा कुकर, दोन जादा रबरी रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह इथूनच न्या. म्बाउला, म्हणजे तिथली शेगडी, हिच्यात आच कमी करता येत नाही, तेव्हा शिट्ट्या झाल्या की कुकर सरळ खाली उतरवायचा. लाकडावर शिजवणार असाल तर मातीची ‘चितेतेझो’ म्बाउला घ्या, लाकूड कमी जळतं. हिंग, गोडा मसाला, आमसुलं न्या, बियाणं नेऊ नका. डाळी-कणीक लिंबे आणि लिलाँग्वे या शहरांतल्या गुजराती दुकानांत मिळतात. लोकांच्या घरी भाजीत सुकी मासळी असू शकते, म्हणून ‘सिन्दीद्या न्यामा कापेना न्सोम्बा’ हे वाक्य पाठ करा: मांस किंवा मासे खात नाही. जानेवारी ते मार्च हे तंगीचे महिने, जुना मका संपलेला आणि नवा यायचा असतो. त्या दिवसांत कुणाकडे जेवायला बसताना ते लक्षात असू द्या, आणि जाताना पीठ न्या.

भाषेचा आणि रीतीचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. सकाळी ‘म्वाजुका ब्वांजी?’, उत्तर ‘न्डाजुका ब्विनो, काया इनु?’. दारात ‘ओडी!’ म्हणून थांबायचं, आत शिरायचं नाही. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापकांबरोबर गावच्या म्फुमुला, म्हणजे मुखियाला, भेटा. गावात मयत झालं की शाळा अर्धवट सोडूनही माणसं मालिरोला, म्हणजे अंत्यविधीला, जातात. तुम्हीही जा, थोडे पैसे किंवा पीठ द्या, बायकांनी घरात जमिनीवर बसायचं, पुरुषांनी बाहेर. बाईमाणूस असाल तर दोन मीटरचं चितेन्जे (कमरेला गुंडाळायचं कापड) गुंडाळायला हवं, गुडघे झाकलेले असावेत. भारतीयांना ‘अम्वेन्ये’ म्हणतात आणि पहिला समज असा की तुमचं दुकान आहे. रागावू नका. ‘मी शिक्षक आहे’ हे चिचेवात (तिथली भाषा) सांगितलं की बोलणं बदलतं.

पैशांचं थोडक्यात: क्वाचा (तिथलं चलन) घसरता आहे, नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच वेळी 44 टक्के अवमूल्यन झालं. रोख डॉलर न्यायचे तर 2013 नंतरच्या छापाच्या, न फाटलेल्या नोटा. रोजचा व्यवहार मोबाइलवरून, एअरटेल मनी किंवा टीएनएम म्पाम्बावर, सिम पासपोर्टवर मिळतं. रस्त्यावर पैसे बदलणं बेकायदा आहे.

प्लग ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचा, व्होल्टेज आपल्यासारखंच. सौर दिवा आणि पॉवर बँक हवीच, जूनमध्ये साडेपाचलाच अंधार पडतो. डेड्झासारख्या उंचावर असाल तर स्वेटर आणि जाड पांघरूण, खाली शिरे खोऱ्यात असाल तर फक्त सुती. मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही आणि इंधनाचा तुटवडा वारंवार येतो, म्हणून शहरातलं काम दोन दिवसांचं धरा. काबाझा म्हणजे सायकल किंवा मोटारसायकलची भाड्याची गाडी. त्यासाठी स्वतःचं हेल्मेट न्या. अंधारानंतर महामार्गावर प्रवास नको, बिनदिव्याचे ट्रक आणि शेळ्या असतात.

कागदपत्रं: पर्यटक व्हिसावर शिकवू नका. परवाना कोणत्या प्रकारचा, कोण काढणार, आणि गंभीर आजारात जोहान्सबर्गला हलवण्याचा विमा आहे का, हे संस्थेकडून लेखी घ्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. इथिओपिया किंवा केनियामार्गे येणार-जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी नेमून दिलेल्या केंद्रावरच घ्या. दाखला आयुष्यभर चालतो, पण तो नसला तर भारतात परतताना विलगीकरणात राहावं लागू शकतं.

परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी ‘मी मलावीत होते’ किंवा ‘होतो’ हे सांगा आणि मलेरियासाठी रक्ताची काच तपासायला सांगा. इकडे पावसाळ्यात डेंगी समजून पॅरासिटामॉल देतात, आणि फाल्सिपेरमला तेवढे दिवस द्यायचे नसतात.