पाळकाला स्वतःला कधी देवाबद्दल शंका येत नाही का? आणि घरच्यांना वेळ मिळतो का?

सलाम. (आमच्या नगरकडचे ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच म्हणतात, बऱ्याच जणांना वाटतं मी मुसलमान आहे.) मी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक (पास्टर) आहे, १९ वर्षं झाली. तुम्ही विचारलंय की पास्टर लोकांना शंका येते का आणि संसार कसा चालतो. मला हे दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत, कारण माझ्या शंका सगळ्या घरातूनच आल्या, पुस्तकातून एकही नाही. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, असताना देव आहे की नाही यावर रात्र रात्र वाद घातले, सकाळी मेसमध्ये पोहे खाल्ले की विसरलो.

खरी शंका आली २०१८ ला. मुलगी नऊ वर्षांची, डेंग्यू, प्लेटलेट १९ हजारांवर घसरलेल्या. त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका आजोबांचा दफनविधी मी केला, कबरीपाशी उभं राहून पुनरुत्थानाची आशा वगैरे सगळं नीट बोललो, लोक म्हणाले पाळकसाहेब फार धीर मिळाला, आणि तिथनं स्कूटरवर हॉस्पिटलला आलो तर कॉरिडॉरमध्ये बसून मला एक वाक्याची प्रार्थना जमेना. रडू पण नाही. नुसतं रिकामं. समोर त्या मशीनचं टुकटुक.

बायको नर्स आहे, ती बाटलीतले थेंब मोजत होती. म्हणाली, तुम्हाला नसेल जमत तर नका करू, जरा तिचे पाय दाबा.

रविवारी उपासना घ्यायची होतीच, बदली माणूस मिळाला नाही. प्रार्थनेला उभा राहिलो, दोन वाक्यं झाली आणि थांबलो, पुढे येईचना. चर्चमध्ये ती शांतता किती लांब वाटते ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मग मागच्या बाकावरनं एका मावशीने, उसाच्या शेतात खुरपायला जाणारी बाई, प्रभूची प्रार्थना सुरू केली, जोरात, जरा बेसूरच, आणि सगळी मंडळी तिच्यामागे. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' इथपर्यंत आल्यावर माझाही आवाज निघाला. मी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय दहा वेळा तरी शिकवला असेल, चौघेजण छप्पर उघडून पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडतात आणि येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो. बाजेवरच्या माणसाला स्वतःला विश्वास होता की नाही हे मार्क लिहीतच नाही. ते मला त्या दिवशी दिसलं, त्याआधी नाही. तर हो, शंका येते, अजूनही येते, आणि तेव्हा मी त्या मावशींच्या जिवावर चालतो. मुलगी बरी झाली. पण मला ते उत्तर म्हणून सांगायचं नाहीये, कारण त्याच वॉर्डातलं दुसरं एक पोरगं गेलं, त्याच्या आईनेही प्रार्थना केलीच होती.

आता घर. पगार कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी, त्यामुळे घर बायकोच्या पगारावर चालतं हे उघड सांगतो, लाज नाही. वरनं तिने संडेस्कूल घ्यायचं, महिला मंडळ बघायचं, अचानक आलेल्या पंधरा जणांचा चहा करायचा, आणि यातलं काही करशील का असं तिला कधी कोणी विचारलेलं नाही. तिचं आवडतं पुस्तक स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, आणि टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही हे तर जगजाहीर. मी कोणाला उसने पैसे देऊन आलो की ही म्हणते, तुम्ही टिळक होऊ नका, मी लक्ष्मीबाई नाहीये. उपदेश वीस मिनिटांच्या पुढे गेला की पहिल्या बाकावर बसून मनगटावरच्या घड्याळाला हात लावते, त्याचा अर्थ मला कळतो.

नाताळ तर विचारूच नका. डिसेंबर सुरू झाला की गाण्याच्या फेऱ्या, घरोघरी करंज्या-शंकरपाळे, २४ ची रात्र, २५ ची सकाळ, मग दोन खेड्यांमधल्या उपासना. दुपारी चारला घरी येऊन बुटासकट झोपतो. आमच्या घरी नाताळ २६ तारखेला असतो, पोरांना लहानपणी वाटायचं की येशूचा जन्मच २६ चा.

मुलगा आता १५ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याने चर्चला येणं कमी केलं, रविवारी सकाळी क्रिकेटच्या मॅचेस असतात. आमच्याकडे चर्च कमिटीच्या मेंबरांना पंच म्हणतात, त्यातल्या एकांनी मला बायबलमधलं १ तीमथ्य ३ काढून दाखवलं, ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. वचन बरोबरच आहे. मी त्यांना म्हणालो, एली याजकाची पोरं कशी निघाली, शमुवेलाची तर लाच खायची, माझा फक्त ऑफस्पिन टाकतो. ते हसले नाहीत. घरी येऊन मी पोरावर ओरडलो, आणि ओरडताना कळत होतं की मला त्याच्या आत्म्याची नाही, माझ्या अब्रूची काळजी आहे. तो म्हणाला, पप्पा, सगळ्यांचे पप्पा रविवारी मॅच बघायला येतात. यावर माझ्याकडे वचन नव्हतं.

मग आम्ही तडजोड केली. महिन्यातले दोन रविवार तो येतो, तबला वाजवतो (बरा वाजवतो, लय जरा पळवतो), दोन रविवार मॅच. आणि शनिवारी संध्याकाळी, उपदेशाची तयारी सोडून, मी त्याला अर्धा तास बोलिंग टाकायला ग्राउंडवर जातो. उपदेश थोडे कच्चे व्हायला लागलेत, पण बायको म्हणते छोटे झालेत ते बरं.

या रविवारी परत मॅच आहे. पंचांना आधीच सांगून ठेवलंय, चर्चच्या. ग्राउंडवरच्या पंचांशी त्याचं तो बघेल.