मांडवात बसलेल्यालाच मांडव ऐकवायचा

प्रश्न : डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे गावोगावच्या साहित्य संमेलनांचा हंगाम. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा... रविवार आला की कुठे ना कुठे मांडव पडलेलाच. आमच्या कॉलेजच्या मुलांना कम्युनिटी रेडिओसाठी या हंगामाचं साप्ताहिक वार्तापत्र करायचं आहे. पहिला नमुना ऐकून सगळे म्हणाले, ‘निमंत्रणपत्रिका वाचताय काय?’ सर, कुठं चुकतंय?
– एक प्राध्यापिका, बेळगाव

उत्तर : बाई, थट्टा करणाऱ्यांचं बरोबर आहे. मी आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक होतो, तेव्हा उद्‌घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी नावांची माळ वाचली, की खुर्चीतच पेंग यायची. तिथे निदान ऐकणारा लांबचा असायचा. कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर साधारण १०० वॅटचा, पल्ला फार तर दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे तुमचा श्रोता त्याच मांडवात, तुमच्या मागच्या रांगेत बसला होता! कोण आलं, कोण काय बोललं, हे त्याला ठाऊक आहे. त्याला ऐकू आलं नाही ते द्या.

ग्रंथदिंडी घ्या. सकाळी पालखी निघते, पुढे लेझीम, मागे टाळ-मृदंग. मुलं रेकॉर्डिंग करतात ते स्पीकरच्या गाडीजवळ उभं राहून, मग नुसता घुं घुं आवाज येतो. फोन पालखीच्या मागे, टाळकऱ्यांच्या कमरेच्या उंचीवर धरा. थंडीतला वारा शिट्ट्या घालतो, त्यासाठी माइकवर पातळ रुमाल गुंडाळा. मध्येच एखादी आजी ओवी म्हणत चालत असते, तिला थांबवून मुलाखत घेऊ नका, शेजारून चाला. वाटेवरचा चहावाला कन्नडमध्ये काही बोलला तर तेही तसंच ठेवा, आपल्या श्रोत्याला कळतं.

कविसंमेलनात मी एकच कविता घेईन, पण पूर्ण, कवीच्या घशाच्या खाकरण्यासकट. दुपारच्या जेवणाच्या पंगतीतही माइक फिरवा. स्वयंपाकात अडकल्यामुळे मांडवात पोचूच न शकलेल्या बायका तिथं भेटतात, आणि गावात कविता लिहिणाऱ्या काही त्यांच्यातच असतात.

अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे, हे स्वागताच्या भाषणात हमखास येतं. तुम्ही ते गाळा. त्यापेक्षा बेळगावचे हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुरे यांच्या शिष्यपरिवारातल्या कुणाला गाठून नांदीची दोन आवर्तनं पेटीवर वाजवून घ्या. १९४० साली आकाशवाणीनं याच पेटीवर बंदी घातली होती, तीही तीसेक वर्षं टिकली. मुलांना हे सांगा, मजा वाटेल.

एक सांभाळा. आपल्याकडे संमेलनात सीमाप्रश्नाचा ठराव होतोच. कम्युनिटी रेडिओच्या परवान्यात राजकीय स्वरूपाच्या बातम्यांना जागा नाही, सांस्कृतिक कार्यक्रमांच्या वार्तांकनाला आहे. म्हणून ठरावाची टेप वेगळी ठेवा आणि प्रसारणाआधी केंद्राच्या प्रमुखांना विचारा. नंतर धावाधाव नको.