फंड मोडा, पण ग्रीससाठी नव्हे

तुम्ही लिहिता: ऑगस्टमध्ये तीन जोडप्यांनी मिळून अथेन्सहून शिडाची बोट घ्यायची, किथनॉस, पारोस, मिकोनोस ही बेटं करून आठवड्याने परत. बोटीचं भाडं ६,३०० युरो, स्किपरचे, म्हणजे बोट चालवणाऱ्याचे, रोज २०० युरो. विमानासकट तुमच्या जोडप्याचे साडेपाच लाख. हातात बोनसचे चार लाख आहेत. उरलेले मुलीच्या शिक्षणाच्या इक्विटी फंडातून काढावेत का? तिचं कॉलेज दोन वर्षांवर आहे.

तो फंड मोडायला हवाच, पण कॉलेजसाठी. दोन वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवून झोप कशी लागते तुम्हाला? टप्प्याटप्प्याने एफडीत वळवा. दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, म्हणून विक्री दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागा.

आता बोट. ती माणशी मिळत नाही, अख्खी घ्यावी लागते. स्किपर धरून ७,७०० युरो, म्हणजे जोडप्यामागे सुमारे २,५६७. एक जोडपं गळालं, की उरलेल्या दोघांवर ३,८५० प्रत्येकी. मित्र कितीही जवळचे असोत, आगाऊ रक्कम भरण्याआधी तिघांचे पैसे एका खात्यात जमा करा आणि गळणाऱ्याने बदली जोडपं द्यायचं, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून ठेवा. शिवाय डिझेल, बंदराचं भाडं, स्किपरचं जेवण तुमच्याकडे. बोटीची अनामत कार्डावर अडकते, तेव्हा तेवढी मर्यादा मोकळी हवी.

ऑगस्ट मला पटत नाही. भाडं सर्वांत चढं, आणि एजियन समुद्रात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा याच दिवसांत जोरात असतो. तो अडून बसला तर बोट बंदरात बांधून ठेवायची, भाडं चालूच. सप्टेंबरअखेरचं कोटेशन मागवा, आणि मिकोनोसऐवजी सॅरोनिक आखातातली एजिना, पोरोस, हिड्रा बघा. अथेन्सपासून जवळ, पाणी बरंच आडोशाचं, डिझेलही कमी. एवढं करूनही चार लाखांत बसलं नाही तर दरमहा १५,००० ची रिकरिंग लावा आणि पुढच्या सप्टेंबरला जा. कर्ज काढून मात्र नको.

आणि कोटेशनमध्ये तीनच केबिन दिसतात. स्किपर झोपणार कुठे, हे बुकिंगआधी विचारा.